निवारा केंद्रात मदतीला जायचंय, पण कधी आणि कशासाठी?

वाचकाचं पत्र

मी ३४ वर्षांची आहे, एका कार्यालयात हिशेबाचं काम करते. आमच्या शेजारच्या भागात मोठी आपत्ती आली आहे आणि हजारो लोक शाळांमध्ये, सभागृहांमध्ये उभारलेल्या निवारा केंद्रांत राहताहेत. चौथ्या दिवशी आम्ही पाच मैत्रिणी कपड्यांची गाठोडी घेऊन थेट तिथे गेलो. दारावरच थांबवलं, नावं आणि फोन नंबर लिहून घेतले आणि परत पाठवलं. आत इतकी माणसं हवालदिल असताना आम्हाला नको म्हणावं, याचं फार वाईट वाटलं. माझी दहा दिवसांची रजा शिल्लक आहे. वैद्यकीय शिक्षण काही नाही. उद्याच पुन्हा जाऊ का? माझ्यासारखीचा तिथे खरंच उपयोग आहे का? आणि जाताना काय न्यायचं?

उत्तर

उपयोग आहे, आणि भरपूर आहे. पण उद्या जाऊ नका.

पहिल्या आठवड्यात निवारा केंद्राच्या दाराशी मदतीला आलेल्यांची गर्दी असते. दुसरा आठवडा संपत येतो तोवर ही गर्दी आपापल्या नोकरीवर परतलेली असते, निवाऱ्यातली माणसं मात्र तिथेच असतात. केंद्र चालवणारे कर्मचारी तेव्हा थकून गेलेले असतात आणि त्यांच्यातल्या कित्येकांची स्वतःची घरंही पडलेली असतात. म्हणून दहा दिवसांपैकी दोन दिवस आत्ता नोंदणी आणि प्रशिक्षणासाठी वापरा. उरलेले आठ दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस, सलग द्या. सुटे सुटे दिवस देऊ नका. एका दिवसासाठी आलेल्या माणसाला काम दाखवण्यात तिथल्या जुन्या माणसाचा अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळी तो नवा माणूस निघून जातो. तिसऱ्या दिवशी तुम्हाला न विचारता चाव्या कुठे आहेत ते कळलेलं असतं. तुमच्या खऱ्या कामाला तिथून सुरुवात होते.

दारावर तुम्हाला थांबवलं ते बरोबरच केलं. आत कपडे बदलायला धड आडोसा नसलेल्या बायका आहेत, आईबापांपासून तुटलेली मुलं आहेत. आपत्तीत मदतीच्या नावाखाली मुलांपर्यंत पोचू पाहणारी माणसंही येतात, आणि दारावरच्या माणसाला चेहऱ्यावरून फरक कळत नाही. शिवाय रात्री आग लागली किंवा इमारत रिकामी करावी लागली, तर आत नेमकी किती माणसं होती हे वहीवरूनच कळतं. जपानमध्ये १९९५ च्या कोबे भूकंपानंतर वर्षभरात दहा लाखांहून अधिक लोक मदतीला धावले. त्या वर्षाला तिथे स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणतात. पण माणूस आणि काम यांची गाठ घालून द्यायला कोणीतरी लागतं, हेही त्याच अनुभवातून दिसलं. पुढे तिथे आपत्तीनंतर स्वयंसेवक केंद्रं उघडण्याची पद्धत रुळली: आधी नोंदणी, मग कामाची वाटणी. तुमची नावं लिहून घेतली, म्हणजे दारावर निदान तेवढी व्यवस्था होती.

आता नोंदणी कुठे करायची? केंद्र प्रत्यक्ष चालवणाऱ्या यंत्रणेकडे: स्थानिक प्रशासन, रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट, किंवा प्रशासनाने जबाबदारी दिलेली संस्था. फोनवर चार गोष्टी विचारा. पाळी किती तासांची असते, माझी पाळीप्रमुख कोण, झोपायची सोय काय, आणि मुलांच्या व स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी सही करायची आचारसंहिता आहे का. शेवटच्या प्रश्नाला ‘तसं काही नाही’ असं उत्तर आलं तर दुसरी संस्था शोधा. आणि तुम्हाला हिशेबाचं काम येतं हे पहिल्याच वाक्यात सांगा. वैद्यकीय शिक्षण नाही याची खंत करू नका. नोंद नीट ठेवणारा माणूस प्रत्येक केंद्राला कमी पडतो.

तुम्हाला बहुधा नोंदणीच्या टेबलावर किंवा भांडारात बसवतील. भांडाराचं काम तुम्हाला शिकवायला नको: आलं किती, गेलं किती, कोणाच्या सहीने, उरलं किती. एवढंच सांगतो की उरलेला साठा वस्तूंच्या संख्येपेक्षा दिवसांत मांडा. ‘साबण ६० आहेत’ यापेक्षा ‘साबण दोन दिवस पुरेल’ हे वाक्य प्रमुखाला लगेच हालचाल करायला लावतं.

नोंदणीचं टेबल जास्त नाजूक असतं. येणाऱ्या कुटुंबाकडून नाव, वय, किती जण, कुठून आले, घरातलं कोणी सापडत नाही का, हे विचारायचं. त्यानंतरचे दोन प्रश्न बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारायचे. नियमित औषध कोणतं चालू आहे आणि ते किती दिवस पुरेल? चालणं, दिसणं, ऐकणं यात काही अडचण आहे का? इन्सुलिन, फिट्सची औषधं, क्षयरोगाची औषधं, डायलिसिस, ऑक्सिजन यांपैकी काहीही ऐकलंत तर आरोग्य पथकाला त्याच पाळीत कळवा. वहीत नुसतं लिहून पान उलटलं तर तीन दिवसांनी तोच माणूस बेशुद्ध सापडतो. गरोदर बाई असेल तर कितवा महिना हेही लिहा. जे मदतीसाठी लागत नाही ते विचारू नका. केंद्र सोडून जाणाऱ्याची नोंद येणाऱ्याइतकीच काटेकोर हवी, नाहीतर आठवड्याभरात वहीतली माणसं आणि आतली माणसं यांचा मेळ राहत नाही आणि जेवण, पाणी, अंथरुणं सगळ्यांचे आकडे चुकतात.

‘अमुक बाई इथे आहे का?’ असं विचारत कोणी आलं, तर ‘हो’ही म्हणायचं नाही आणि ‘नाही’ही. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाईही याच गर्दीत असू शकते. सांगायचं वाक्य ठरलेलं असू द्या: ‘तुमचं नाव आणि नंबर द्या. त्या इथे असतील तर त्यांच्यापर्यंत निरोप जाईल, पुढचं त्या ठरवतील.’ समोरचा रडला, चिडला, ओळखपत्र दाखवलं, तरी हेच वाक्य. वहीचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये घ्यायचा नाही, आणि वही टेबलावर उघडी टाकून उठायचं नाही.

पण आमच्या मते निवाऱ्यात सर्वांत जास्त जीव वाचवणारं काम कोणतं, असं विचाराल तर ते स्वच्छतागृहाचं. ते मागून घ्यायला कोणी येत नाही, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

स्वच्छतागृह घाण असलं, लांब असलं किंवा वाटेत अंधार असला की म्हातारी माणसं आणि बायका पाणी पिणंच कमी करतात. कोणाला सांगत नाहीत, मुकाट्याने कमी करतात. त्यातून बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, चक्कर येऊन पडणं सुरू होतं. पाणी कमी आणि दिवसभर एकाच जागी बसून राहणं, यातून पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. २००४ साली जपानमधल्या निगाता भागातल्या भूकंपानंतर गाड्यांमध्ये अवघडून झोपणाऱ्या लोकांमध्ये असे मृत्यू झाले. भूकंपातून वाचलेली माणसं होती ती. म्हणून सकाळ-संध्याकाळ वयस्कर माणसांना उठवून चार फेऱ्या मारायला लावणं, बसल्या जागी पावलं वर-खाली करायला शिकवणं, पाण्याचा पेला हातात देऊन तो संपेपर्यंत दोन शब्द बोलणं, ही सगळी उपचाराचीच कामं आहेत. एकच पाय सुजला, पोटरी दुखते किंवा अचानक दम लागला असं कोणी म्हणालं तर ताबडतोब डॉक्टरला बोलवा. अशी पोटरी चोळून देऊ नका.

मानवतावादी कामासाठी जगभर वापरली जाणारी ‘स्फिअर’ नावाची किमान मानकं आहेत, ती डोक्यात ठेवा. सुरुवातीच्या दिवसांत निदान ५० माणसांमागे एक स्वच्छतागृह, आणि शक्य तितक्या लवकर २० माणसांमागे एक. स्त्रियांसाठीची संख्या पुरुषांच्या तिप्पट. राहण्याच्या जागेपासून अंतर ५० मीटरपेक्षा जास्त नको. पाणी पिणं, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर, आणि राहण्याची जागा माणशी साडेतीन चौरस मीटर. म्हणजे २०० माणसांच्या केंद्राला दिवसाला ३,००० लिटर पाणी, आधी चार आणि नंतर दहा स्वच्छतागृहं आणि राहायला ७०० चौरस मीटर जागा लागते. तुमच्या केंद्रात याच्या निम्मंच असेल तर तो आकडा लिहून पाळीप्रमुखाला द्या. ‘पाणी कमी पडतंय’ ही तक्रार वरपर्यंत पोचेस्तोवर विरून जाते, ‘रोज १,५०० लिटर कमी पडतं’ ही मागणी टिकते.

प्रत्यक्ष काम असं. आतून कडी लागते का, दिवा लागतो का, साबण आणि पाणी आहे का, सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, हे दर दोन तासांनी पाहायचं आणि दारामागच्या कागदावर वेळ टाकून सही करायची. कडी मोडली असेल तर ती त्याच पाळीत दुरुस्त व्हायला हवी. कडी नसलेल्या स्वच्छतागृहात बायका रात्री जात नाहीत, मग ते असून नसल्यासारखंच. पॅड मागायला लावू नका. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर पेटीत ठेवा, ज्याला लागेल त्याने घ्यावं.

कोणी उलटी केली किंवा जागेवरच जुलाब झाले, तर पुसायची घाई नको. आधी लोकांना बाजूला करा. हातमोजे आणि मास्क घाला, कागद किंवा जुन्या कापडाने घाण टिपून पिशवीत बांधा. मग क्लोरीनचं ०.५ टक्के द्रावण ओता: घरगुती ब्लीच ५ टक्के तीव्रतेचं असेल तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. दहा मिनिटं राहू द्या, मग पुसा. द्रावण रोज ताजं करायचं, कारण शिळं झालं की त्याचा जोर उतरतो. दुसऱ्या कुठल्याही सफाईच्या रसायनात, विशेषतः आम्ल किंवा अमोनिया असलेल्या, ब्लीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. नंतर हात साबणाने २० सेकंद धुवा. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर हाताला लावायचं अल्कोहोल जेल फारसं चालत नाही. आजारी माणसासाठी वेगळी जागा आणि जमल्यास वेगळं स्वच्छतागृह ठेवा, आणि एकाच दिवशी दोन-तीन जणांना त्रास झाला की आरोग्य पथकाला कळवा. भाताच्या पेजेसारखे पातळ जुलाब मात्र एकालाच झाले तरी क्षणभर थांबू नका. पथक येईपर्यंत जलसंजीवनी घोटघोट पाजत राहा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने टाकायचं नाही: जास्त मीठ लहान मुलाला धोक्याचं असतं. तुम्हाला स्वतःला त्रास झाला तर लक्षणं थांबल्यानंतर ४८ तास स्वयंपाकघर आणि वाढपाकडे फिरकू नका, कितीही माणसं कमी असली तरी.

जेवणाबद्दल थोडक्यात. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. बाहेर दोन तास पडून राहिलेलं टाकून द्यायचं, दिसायला आणि वासाला चांगलं असलं तरीही. तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे सरसकट वाटू नका. घाण पाण्यात कालवलेल्या पावडरीने बाळ आजारी पडतं आणि आईचं दूधही कमी होत जातं. स्तनदा आईला आडोसा, पाणी आणि पोटभर जेवण द्या. ज्या बाळाला खरोखर पावडर लागते, त्याचं आरोग्य कर्मचारी ठरवतील.

रात्रीची पाळी मिळाली तर नाही म्हणू नका. जनरेटर दारं-खिडक्यांपासून निदान सहा मीटर लांब आणि धूर बाहेरच्या दिशेला जाईल असा हवा. पावसामुळे कोणीतरी तो व्हरांड्यात ओढून आणतं आणि कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला वास नसतो. एकाच कोपऱ्यातल्या दोघा-तिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा, कारण नंतर शोधा. आतले मोठे दिवे मालवा, पण स्वच्छतागृहाची वाट उजळलेली ठेवा. झोपणाऱ्यांच्या रांगांमध्ये चाकांची खुर्ची जाईल एवढी वाट मोकळी ठेवा. शेजारी-शेजारी झोपणाऱ्यांनी एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाकडे ठेवलं तर खोकल्याचा संसर्ग थोडा कमी होतो.

एकटं मूल दिसलं तर ‘हे कोणाचं मूल?’ असं गर्दीत ओरडून विचारू नका. कोणीही हात वर करू शकतं. मुलाला शक्यतो सापडलेल्या जागेजवळ ठेवा, दुसऱ्या एका नोंदणीकृत स्वयंसेवकाला सोबत बोलवा, कुठे आणि किती वाजता सापडलं, अंगावर काय आहे, ते स्वतः काय सांगतंय ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे द्या. भावंडांची ताटातूट होऊ देऊ नका. ‘मी मामा आहे’ म्हणणाऱ्याच्या हाती तुम्ही मूल द्यायचं नाही, मूल त्याला ओळखत असलं तरी. तो निर्णय तुमचा नाही. आणि एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कधीही एकटीने राहू नका. यात मुलाचं रक्षण आहे आणि तुमचंही.

बोलायचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पहिल्या रात्री तो पडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचारासाठी मार्गदर्शिका काढली, तिचं सार तीन कृतींत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा, तो बोलेल तेवढंच ऐका, आणि हवी ती माहिती, सेवा किंवा नातेवाईक यांच्याशी त्याला जोडून द्या. ‘नेमकं काय झालं सांगा ना’ म्हणून घडलेलं उकरून काढू नका. ‘सगळं ठीक होईल’ असंही म्हणू नका, ते तुमच्या हातात नाही. ‘मला माहीत नाही, विचारून चार वाजता सांगते’ हे म्हणता येतं. आणि चार वाजता उत्तर मिळालं नसलं तरी जाऊन ‘अजून कळलं नाही’ एवढं सांगायचंच. घर, गाव, माणसं सगळं अनिश्चित झालेल्याला दिलेल्या वेळेला कोणीतरी आलं, याचा मोठा आधार होतो. कोणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि कोणाला सांगणार नाही असं वचनही देऊ नका. दुसऱ्याला पाठवून आरोग्य पथकाला बोलवा.

अफवांचंही तसंच. ‘उद्या पैसे वाटणार’, ‘पाणी पुन्हा चढतंय’ अशा गोष्टी तासाभरात सगळीकडे पोचतात. एकच फलक, त्यावर लिहिणारी एकच व्यक्ती, आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख-वेळ. नवीन काही नसलं तरी ठरलेल्या वेळी ‘नवीन माहिती नाही’ हे लिहायचं. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांच्यासाठी तेच मोठ्याने वाचून दाखवायचं.

कपड्यांच्या गाठोड्यांचं काय करायचं? नेऊ नका. वेगवेगळ्या मापांचे वापरलेले कपडे वेचायला माणसं आणि कोरडी जागा लागते, केंद्राकडे दोन्ही नसतं. ढीग भिजतो, बुरशी धरतो आणि शेवटी तो हलवायलाच गाडी लागते. केंद्राने यादी दिली तर त्यातली एकच वस्तू, नवी, एकाच मापाची, बाहेर नाव आणि संख्या लिहिलेल्या खोक्यात द्या. यादी नसेल तर पैसे द्या.

स्वतःसाठी तीन दिवसांचं खाणं-पाणी, अंथरूण, डोक्याला बांधायची बॅटरी, बंद बूट, रोजची औषधं, पॉवर बँक, सुटे पैसे, शिट्टी, वही-पेन, ओळखपत्र. ओळखपत्रामागे रक्तगट आणि घरचा नंबर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आत्ताच तपासा. दागिने घरी ठेवा.

पाळी आठ तासांची असावी, अगदी अडचणीत बारा. त्यापुढे थांबणाऱ्या माणसाच्या हातून नोंदी चुकतात आणि आवाज चढतो, आणि त्याचा त्रास निवाऱ्यातल्यांना होतो. आठ दिवसांत एक दिवस पूर्ण सुट्टीचा धरा आणि तो केंद्राबाहेर घालवा. आत कोणाचेही फोटो काढू नका, परवानगी दिली तरी. आज ज्याच्या हातात पाण्याचा पेला तुम्ही देता, तो उद्या तुमच्या फोनमधल्या फोटोला नाही म्हणायला कचरतो.

आणि शेवटच्या दिवसाची तयारी सहाव्या दिवशी सुरू करा. मुलांना आणि वयस्कर माणसांना दोन दिवस आधी सांगा की तुम्ही अमुक दिवशी जाणार आहात. पुन्हा येईन असं निश्चित नसेल तर म्हणू नका, खासगी नंबर देऊ नका. तुमच्या जागी येणाऱ्यासाठी एका पानावर लिहून ठेवा: कोणाला कोणतं औषध कधी संपतंय, कोणती कडी सैल आहे, कोणाला काय सांगायचं कबूल केलंय आणि किती वाजता, चाव्या कुठे आहेत. ते पान नुसतं टेबलावर ठेवून निघू नका. नवीन माणसासोबत एक पूर्ण पाळी काढा, ज्यांना तुम्ही शब्द दिलाय त्यांच्याशी त्याची ओळख करून द्या, आणि मगच वहीत निघण्याची वेळ लिहून सही करा.